बाउंड्रीवरचे भाऊ

रविवारी सकाळी सात वाजता नाशिकच्या त्र्यंबक रोडला ईदगाह मैदानाच्या कडेला उभं राहिलं, की एकाच वेळी पाच-सहा मॅचेस चाललेल्या दिसतात. वेगवेगळ्या दिसत नाहीत, एकमेकींत अडकलेल्या दिसतात. एका मॅचचा बॉलर जिथून धावत सुटतो, तिथे दुसरीचा स्क्वेअर लेग खाली वाकून बुटाची नाडी बांधत असतो. शेजारीच गोल्फ क्लब मैदान. त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. पण रिक्षावाल्याला तसं सांगितलं तर तो क्षणभर विचार करतो आणि ‘म्हणजे गोल्फ क्लब ना?’ असं आपल्यालाच विचारतो. तिथे रणजीच्या मॅचेस होतात. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि बडोदा तिथे खेळून गेले. तिकडे रणजी आणि इकडे आम्ही, अशी एकूण नाशिकच्या क्रिकेटची वाटणी आहे.

इकडच्या गर्दीत प्रत्येक टीमचा एक माणूस असा असतो, की तो आपला आहे हे टीमलाही अधूनमधून आठवावं लागतं. डोक्यावर कुठल्या तरी सिमेंट कंपनीची टोपी, ट्रॅक पँटचा एक पाय सॉक्समध्ये खोचलेला, दोन्ही हात कमरेवर. मॉर्निंग वॉकवाले त्याला वेळ विचारतात. कुत्री त्याच्या सावलीत येऊन बसतात. हा बाउंड्रीचा फिल्डर. आमच्याकडे या पदावर भाऊ आहेत, आणि माझ्या माहितीत तरी त्यांच्याआधी तिथे कोणी नव्हतं.

भाऊंना बाउंड्रीवर कोणी पाठवत नाही. टॉस होतो, कॅप्टन ‘तू पॉइंटला, तू कव्हरला, तू जरा सरळ’ असं वाटप सुरू करतो, तोवर भाऊ पाठ फिरवून चालायला लागलेले असतात. कॅप्टन भाऊंच्या मुलीपेक्षा लहान. तो ओरडतो, ‘भाऊ, मागे! अजून मागे!’ खरं म्हणजे भाऊ आणखी मागे गेले तर त्र्यंबक रोडला लागतील. पण कॅप्टननं ‘मागे’ म्हणायचं आणि भाऊंनी दोन पावलं सरकून हात वर करायचा, हा उपचार दोघंही पाळतात.

सुरुवात पंचवटीत झाली. भाऊंचं बालपण तिथल्या एका वाड्यात गेलं. खेळायला गोदाकाठचं गौरी पटांगण, आणि एका बाजूची बाउंड्री म्हणजे साक्षात गोदावरी. नियम असा, की नदीत मारला तर आऊट, आणि मारेल त्यानंच आणायचा. पण मारणारा हा बॅटीचा मालक. त्याला पाण्यात उतरवलं तर तो ओल्या अंगानं बॅट घेऊन घरी जाणार. म्हणून या कलमात दुरुस्ती झाली आणि चेंडू आणायचं काम टीममधल्या सगळ्यात लहान मुलाकडे आलं. भाऊ तेव्हा लिंबूटिंबू. दोन्हीकडून फिल्डिंग करायची, बॅटिंग अंधार पडल्यावर. भाऊ पोहायला शिकले ते क्रिकेटमुळे. बुधवारी काठावर आठवडे बाजार भरायचा तेव्हा खेळ बंद राहावा अशी अपेक्षा, पण मोठी मुलं बाजाराच्या कडेलाही डाव मांडायची. त्या दिवशी बाउंड्री म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. तिथे चेंडू गेला तर पोहण्याऐवजी शिव्या खाव्या लागत. भाऊंना दोन्ही येऊ लागलं.

कॉलेजात ते टीममध्ये होते. म्हणजे टीमच्या फोटोत आहेत, मागच्या रांगेत, डावीकडून शेवटचे, अर्धे. निवड चाचणीला नेटमागे उभं राहून त्यांनी दिवसभर चेंडू परत फेकले. संध्याकाळी निवड समितीतल्या एका सद्गृहस्थांनी त्यांनाच रोलर कुठे ठेवायचा ते सांगितलं. तरी एका मॅचला ऐनवेळी कोणाला तरी ताप आला आणि भाऊ अकरात गेले. त्या स्कोअरबुकाच्या पानाची झेरॉक्स त्यांच्या कपाटात, एलआयसीच्या पॉलिसीबरोबर आहे. नावापुढे लिहिलंय, ‘फलंदाजी केली नाही.’ बॉलिंगच्या रकान्यात नाव नाही. झेलाच्या रकान्यात नाही. मी म्हटलं, ‘भाऊ, यात तुम्ही खेळल्याचा पुरावा कुठाय?’ ते म्हणाले, ‘त्यांचा स्कोअर बघा. एकशे बारा. मी नसतो तर दीडशे झाले असते.’

भाऊंचं दुःख इथे आहे आणि ते खरं आहे. क्रिकेटच्या हिशेबात अडवलेल्या धावांना रकाना नाही. बॅट्समननं मारलेला चौकार लिहिला जातो. तोच चौकार कोणी गुडघे सोलून अडवला, तर वहीत एक किंवा दोन असा आकडा पडतो आणि तोही बॅट्समनच्या नावावर. अडवणारा सोलवटलेल्या गुडघ्यासकट घरी.

नाशिकमध्ये जन्मलेले बापू नाडकर्णी हे भाऊंचं दैवत, पण भाऊंची भक्ती जरा आडवळणाची आहे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध लागोपाठ २१ षटकं निर्धाव टाकली. १३१ चेंडू, एकही धाव नाही. डावातला हिशेब ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. सरावाच्या वेळी ते खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकायचे असं सांगतात. हे सगळं आम्हाला पाठ आहे. भाऊंना पडणारा प्रश्न निराळा. ‘त्या १३१ चेंडूंच्या वेळी बाउंड्रीवर कोण उभा होता?’ ते विचारतात. ‘विचार करा. मद्रासचं ऊन. चेंडू आपल्याकडे येतच नाही. तरी प्रत्येक चेंडूला चार पावलं आत यायचं. बापूंचं नाव राहिलं, आनंद आहे. पण त्याचं काय?’ यावर आमच्याकडे आजवर उत्तर निघालेलं नाही.

नोकरी त्यांनी सातपूरच्या एका कारखान्यात केली, फायनल इन्स्पेक्शनला. टर्निंगवाल्याच्या हातून निसटलेलं, ग्राइंडिंगवाल्यानं दुर्लक्ष केलेलं, हीट ट्रीटमेंटमध्ये वाकलेलं, असं सगळं शेवटी भाऊंच्या टेबलावर यायचं. हातात गो-नो-गो गेज. एक बाजू आत जायला हवी, दुसरी जाता कामा नये. शिफ्टभर ढिगानं पीस ओके केले तर कोणी ‘चहा घेणार का’ असंही विचारत नाही. आणि एक चुकार पीस गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला, की दुसऱ्या दिवशी पुण्याहून गाडी करून माणसं येतात आणि विचारतात, ‘इन्स्पेक्शनला कोण होतं?’ असं भाऊंनी रिटायर होईपर्यंत केलं. कंपनीची टीम होती, त्यातही ते होते. कुठे उभे राहायचे ते सांगायला नको.

घरचंही तेच. लग्नात अक्षता पडत असताना भाऊ हॉलच्या दारात, चपलांवर लक्ष ठेवून. सोसायटीत पाण्याच्या टाकीची किल्ली त्यांच्याकडे, अध्यक्षपद दुसऱ्याकडे. २०१५ च्या सिंहस्थात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं तर ड्युटी लागली बाह्य वाहनतळावर, शहराबाहेर. पर्वणीच्या दिवशी गावोगावचे लोक रामकुंडावर बुड्या मारून पुण्यवान झाले. ज्यांचं उभं बालपण त्या पाण्यात चेंडू शोधण्यात गेलं, ते भाऊ ‘बस पलीकडे मिळेल, सरळ जा’ असं सांगत ऊन खात उभे. येत्या सिंहस्थातही नाव देणार म्हणतात. मी सुचवलं, की या वेळी जरा आतली जागा मागून बघा. ‘आत गर्दी फार असते,’ भाऊ म्हणाले.

वहिनींना क्रिकेटमध्ये रस नाही. दर रविवारी भाऊ घरी आले की त्या विचारतात, ‘काय केलंत आज?’ भाऊ म्हणतात, ‘फिल्डिंग.’ मुलीचा फोन आला की वहिनी सांगतात, ‘बाबा ना? सकाळी उभे राहून आले.’

आता भाऊंना खेळ येत नाही असा कोणाचा समज झाला असेल तर तो काढून टाकायला हवा. टेनिस बॉल बॅटीच्या मधोमध लागला की काठावर, हे ते आवाजावरून सांगतात. थंडीत सकाळी गवतावर दव असतं, चेंडू भिजून जड होतो आणि साबणासारखा सुटतो. त्या महिन्यांत भाऊ खिशात पंचा ठेवतात. बॅट्समनचा पुढचा पाय जरा बाजूला सरकला, की भाऊ आधीच त्या अंगाला चालू लागतात. कोणता डावखुरा कितव्या चेंडूला उचलणार, कोणाला यॉर्कर टाकायचा, कोण दुसरी धाव घेताना पोट सांभाळतो, सगळं त्यांना कळतं. अडचण एकच. हे सगळं त्यांना साठ-सत्तर मीटर लांबून कळतं. ते हातवारे करून कॅप्टनला सांगतात आणि कॅप्टनला वाटतं, भाऊंना पाणी हवंय.

खांदा मात्र गेला. पूर्वी त्यांचा थ्रो थेट कीपरच्या हातात यायचा. आता एक टप्पा, मग मधला कोणी तरी, मग कीपर. याला भाऊ ‘रिले’ म्हणतात.

आणि तो झेल. त्या झेलाचं सांगितलं नाही तर भाऊंचं काहीच सांगितलं नाही असं होईल.

डिसेंबरातला रविवार. समोरच्या टीमला शेवटच्या ओव्हरमध्ये सात धावा हव्या होत्या, म्हणजे आम्ही जवळजवळ जिंकलेलो. दुसऱ्या चेंडूला भाऊंनी मान वर केली. चेंडू उंच गेला होता, सूर्याच्या दिशेनं, त्यांच्या डोक्यावरून मागे पडणारा. भाऊ वळले. चेंडूकडे पाठ करून धावले. टोपी पडली. एका काकांच्या मॉर्निंग वॉकमधून आरपार गेले, एका स्कूटरला वळसा घातला, आणि खांद्यावरून मागे न बघता पुढे पसरलेल्या दोन हातांत तो चेंडू येऊन बसला. आम्ही डोळ्यांनी पाहिलं. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर कपिल देवनं मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सचा झेल घेतला तो असाच, मागे धावत. भाऊ गुडघ्यावर बसले. चेंडू वर उडवला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चेंडू वर उडवला.

चेंडू हिरवा होता. आमचा पिवळा.

हिरवा चेंडू शेजारच्या सिडकोवाल्यांच्या मॅचचा. आमचा पिवळा त्याच वेळी, भाऊ जिथे असायला हवे होते बरोबर तिथून, जमिनीवरून घरंगळत बाउंड्रीबाहेर गेला होता. चार धावा. मग वाद सुरू झाला. सिडकोचा बॉलर म्हणे, झेल तो झेल, आऊट द्या. त्यांचा बॅट्समन म्हणे, काका आमच्या मॅचमध्ये नाहीतच. आमचा कॅप्टन म्हणे, मग यांनी तुमच्यासाठी फिल्डिंग केली त्याचे चार रन तुम्ही भरा. दोन्ही मॅचचे मिळून चार अंपायर जमले, आणि आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे चौघंही बॅटिंग करणाऱ्या टीमचे. निकाल लागला. तिकडे बॅट्समन नाबाद, इकडे चौकार कायम. आम्ही पुढच्याच चेंडूला हरलो. हरणाऱ्यांनी मिसळ द्यायची असते. त्या दिवशी सगळ्यांचे पैसे भाऊंनी दिले. तर्री दोनदा मागवली. चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नाही. सिडकोचा बॉलर मुद्दाम टेबलापाशी येऊन पाया पडून गेला.

जून २०२४ मध्ये बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या फायनलला सूर्यकुमारनं लाँग-ऑफच्या दोरीवर मिलरचा तो झेल घेतला: आत पकडला, बाहेर जाताना वर उडवला, परत आत येऊन पकडला. देशभर लोक नाचले. भाऊंनी तो मोबाइलवर किती वेळा पाहिला ते वहिनींना विचारा. शेवटी म्हणाले, ‘उत्तम आहे. पण त्याला दोरी होती. कुठे थांबायचं हे कळत होतं.’

गेल्या वर्षी मुलीचं बाळंतपण होतं, म्हणून भाऊ आणि वहिनी न्यू जर्सीला गेले. वहिनी डिंकाचे लाडू वळत असताना जावयानं भाऊंना बेसबॉल दाखवायला नेलं, न्यूयॉर्कला, मेट्स या टीमच्या मैदानावर. तिथून भाऊ बदलून आले. झालं असं, की बेसबॉलमध्ये नऊ जण फिल्डिंगला, त्यातले तिघं कायम लांब: डावा, मधला, उजवा. त्यांना आऊटफिल्डर म्हणतात. उजवीकडे लांब उभा होता हुआन सोटो. जावई सहज बोलून गेला, की याच्याशी मेट्सनं डिसेंबर २०२४ मध्ये १५ वर्षांचा करार केलाय, साडेशहात्तर कोटी डॉलर. भाऊंनी मोबाइल काढून गुणाकार केला. आकडा स्क्रीनवर मावेना. साडेसहा हजार कोटी रुपयांच्या घरात गेला.

‘बाउंड्रीवर उभं राहण्याचे?’ भाऊंनी विचारलं.

हे पैसे सोटोला मुख्यतः बॅटिंगचे मिळतात. त्याच्या फिल्डिंगचं तिकडेही कोणी फारसं कौतुक करत नाही. हे जावयानं सांगितलं, मी सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं नाही. तिथे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये सगळ्यात कच्च्या पोराला उजवीकडे लांब उभं करायची जुनी रीत आहे, हे कळल्यावर तर त्यांना अमेरिका फारच जवळची वाटली. पंचवटी आणि न्यू जर्सीत लिंबूटिंबूला एकाच जागी पाठवतात. फक्त तिकडे तो तिथेच उभा राहून हजार कोटींच्या पुढे जाऊ शकतो.

इतर गोष्टीही भाऊंना पसंत पडल्या. दोन डावांच्या मधल्या वेळात आऊटफिल्डर एकमेकांत कॅच खेळतात, म्हणजे थंडीत आखडत नाहीत. उंच चेंडूवर दोघं धावले तर मधल्यानं ‘माझा’ म्हटलं की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. आपल्यासारखं ‘तुझा, तुझा’ म्हणत दोघांनी चेंडूला मानानं खाली पडू द्यायचं नाही. चेंडू प्रेक्षकांत गेला की ज्याला मिळेल तो घरी नेतो, आणि खेळाला नवा येतो. हे भाऊंनी तीनदा सांगितलं. ‘गटारात हात घालायला लावत नाहीत हो कोणाला!’

१९५४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये विली मेज या सेंटर फिल्डरनं पाठ करून धावत, खांद्यावरून येणारा चेंडू पकडला होता. अमेरिकेत त्याला आजही नुसतं ‘द कॅच’ म्हणतात. जावयानं ती जुनी फिल्म दाखवली. भाऊंनी एकदाच पाहिली आणि म्हणाले, ‘चेंडू त्यांच्याच मॅचचा होता ना?’

एका गोष्टीनं मात्र ते हबकले. बेसबॉलच्या बोर्डावर धावा आणि हिट्स यांच्या शेजारी तिसरा रकाना असतो, चुकांचा. फिल्डरनं सोपा चेंडू सोडला की अधिकृत स्कोअरर त्याची नोंद करतो आणि आकडा स्टेडियमभर झळकतो. भाऊंना आयुष्यभर फिल्डिंगची नोंद हवी होती. ती अशी असेल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ‘आपल्याकडे निदान ओरडून विसरतात,’ ते म्हणाले. त्यानंतर त्या कॉलेजच्या झेरॉक्सबद्दल त्यांची तक्रार बरीच कमी झाली आहे.

येताना त्यांनी ग्लोव्ह आणला. तपकिरी, कातडी, डाव्या हाताचा, टोपलीएवढा. पहिल्याच रविवारी घालून उभे राहिले. समोरच्या टीमनं हरकत घेतली, आणि नियम त्यांच्या बाजूनं होता: क्रिकेटमध्ये कीपर सोडून कोणा फिल्डरला ग्लोव्ह चालत नाही. भाऊंनी वाद घातला नाही. ग्लोव्ह आता मैदानावर येतो आणि सगळ्यांचे मोबाइल, किल्ल्या, घड्याळं त्यात ठेवली जातात. तो ठेवतात बाउंड्रीवर, भाऊंच्या पायाशी.

खरा धोका वेगळ्याच बाजूनं आला आहे. गंगापूर रोडला, इंदिरानगरला, जिकडे तिकडे टर्फ निघालेत. जाळी लावलेला हिरवा गालिचा, रात्री दिवे, तासावर पैसे. बॉक्स क्रिकेट. पोरांना आवडतं, मलाही आवडतं, खोटं कशाला बोला. पण तिथे बाउंड्रीला फिल्डर लागत नाही. चेंडू जाळीला लागतो आणि परत येतो. न दमता, न चुकता, न बोलता. भाऊ एकदा आले होते. आत कुठे उभं राहायचं ते त्यांना कळेना. सहा-सात ओव्हर बॉलरच्या पायात आले, मग बाहेर जाऊन जाळीला टेकून उभे राहिले. तिथे ते खूश दिसले.

त्यामुळे आम्ही अजून ईदगाह सोडलेलं नाही. दर रविवारी, पावणेसातला. हल्ली आठ-नऊच जण जमतात, तेव्हा कोणाला यायचं असेल तर जरूर या. बॅट आमची, चेंडू आमचा, रंग पाहून घ्या. स्लिप, पॉइंट, कव्हर, कुठेही उभे राहा. बाउंड्रीची जागा मात्र भरलेली आहे.